संशयाचे सभ्य गद्य

जून २००० मध्ये मी चंद्रपूरच्या एका छोट्या साप्ताहिकात विज्ञानविषयक सदर लिहीत असे. लिहीत असे म्हणजे इंग्रजी वर्तमानपत्रांतली कात्रणे जमवून त्यांचा मराठी गोषवारा करीत असे. मानधन नव्हते, अंक फुकट मिळे. दिवसा पतसंस्थेतली कर्जखाती आणि रात्री विज्ञान, असा तो काळ होता. त्या महिन्यातल्या एका सदराचा विषय होता पृथ्वीचे वाढते तापमान. सुरुवात मी मोठ्या खुशीत केली होती: हवामान खात्याला उद्याचा पाऊस धड सांगता येत नाही, तर ही मंडळी शंभर वर्षांनंतरचे हवामान काय सांगणार! आणि शेवट केला होता, ‘या प्रश्नावर शास्त्रज्ञांमध्ये अद्याप एकमत नाही’ या वाक्याने. वाक्य लिहून झाल्यावर आपण फार समतोल लिहिले असे वाटल्याचे मला अजून आठवते.

आठ दिवसांनी भद्रावती तालुक्यातून एक पोस्टकार्ड आले. भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या एका गुरुजींचे. ‘स. न. वि. वि. आपले सदर नियमित वाचतो. दोन गोष्टी विचारायच्या आहेत. खाते अंदाज देते तो हवेचा. आपण लिहिता आहात हवामानाविषयी. हा फरक आम्ही शाळेत मुलांना शिकवतो. दुसरे, एकमत नाही असे आपण म्हणता. कोणाकोणाचे नाही ते कृपया नावांसह कळवावे. आमच्या गावची निम्मी मुले खाणीवर जातात. त्यांना काय सांगावे, हे मला ठरवायचे आहे.’

मी उत्तर पाठवले नाही. पहिला मुद्दा मला शब्दच्छल वाटला आणि दुसऱ्यासाठी माझ्याकडे नावे नव्हती. ज्या इंग्रजी लेखावरून मी गोषवारा केला होता, त्यातही ती नव्हती.

ते वाक्य माझे नव्हते, ते मूळ इंग्रजी लेखकाचेही असेलच असे नाही, हे कळायला मला पुढची सतरा वर्षे लागली. २०१५ मध्ये अमेरिकेतल्या ‘इनसाइड क्लायमेट न्यूज’ या वृत्तसंस्थेने एक्सॉन या तेल कंपनीची जुनी अंतर्गत कागदपत्रे उजेडात आणली. पाठोपाठ २०१७ मध्ये जेफ्री सुप्रान आणि नाओमी ओरेस्केस या हार्वर्डच्या संशोधकांनी एक्सॉन आणि मोबिल यांचे १९७७ ते २०१४ या काळातले १८७ दस्तऐवज ओळीने वाचून एक निबंध प्रसिद्ध केला. त्यातले काही दस्तऐवज म्हणजे ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पैसे मोजून छापून आणलेले लेख होते. मी ते मिळतील तेवढे मिळवले, झेरॉक्सच्या दुकानातून छापून घेतले आणि स्पायरल बांधणी केली. गेली काही वर्षे मी ते वाचतो आहे. अर्थशास्त्र किंवा भौतिकशास्त्र म्हणून वाचत नाही, तो माझा अधिकार नाही. मी ते ललितेतर गद्य म्हणून वाचतो. चांगले गद्य आहे ते, हे आधीच सांगून टाकतो.

या लेखनप्रकाराचा इतिहास मनोरंजक आहे. १९७० मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने संपादकीय पानासमोरचे पान बाहेरच्या लेखकांच्या मतांसाठी खुले केले. त्या पानाचा एक कोपरा जाहिरातीसाठी ठेवलेला होता. मोबिल कंपनीचे जनसंपर्क पाहणारे हर्बर्ट श्मर्ट्झ यांनी त्या कोपऱ्याची किंमत इतरांच्या आधी ओळखली. पेट्रोल विकणारे चित्र न छापता त्यांनी तिथे लेख छापायला सुरुवात केली. १९७२ पासून २००१ पर्यंत जवळजवळ दर गुरुवारी तो कोपरा मोबिलचा, आणि विलीनीकरणानंतर एक्सॉनमोबिलचा होता. एकोणतीस वर्षे! मराठीत एखाद्या सदराला एवढे आयुष्य लाभल्याचे उदाहरण मला पटकन आठवत नाही. याच मोबिलने १९७१ पासून अमेरिकी सार्वजनिक दूरचित्रवाणीवर इंग्रजी कादंबऱ्यांवरच्या उत्तमोत्तम मालिका प्रायोजित केल्या. रविवारी रात्री अभिजात कादंबरी दाखवणारा सुसंस्कृत यजमान गुरुवारी सकाळी चार शब्द सांगतो, तेव्हा ते ऐकून घेतले जातात. हा यजमानाचा आवाज नीट लक्षात घेतल्याशिवाय त्या लेखांचे गद्य कळत नाही.

सुप्रान-ओरेस्केस यांचे आकडे आता प्रसिद्ध आहेत. तापमानवाढ खरी आहे आणि ती माणसामुळे होते आहे, हे मान्य करण्याचे प्रमाण कंपनीच्या शास्त्रज्ञांनी लिहिलेल्या शोधनिबंधांत सुमारे ८३ टक्के आणि अंतर्गत कागदपत्रांत ८० टक्के होते. वर्तमानपत्रातल्या प्रायोजित लेखांत ते १२ टक्क्यांवर येते, आणि ८१ टक्के लेख शंका व्यक्त करतात. यावर कंपनीच्या बाजूने एक आक्षेप आला तो रास्त होता: १९९९ च्या अखेरीपर्यंत एक्सॉन आणि मोबिल या वेगळ्या कंपन्या होत्या, मग एकीची अंतर्गत कागदपत्रे आणि दुसरीच्या जाहिराती एका तराजूत कशा घालता? संशोधकांनी २०२० मध्ये कंपन्या वेगळ्या काढून पुन्हा मोजणी केली आणि निष्कर्ष टिकला. माझी तक्रार निराळी आहे. मोजणीने ‘किती लेखांत शंका’ हे कळते. ती शंका वाचकाच्या गळी कशी उतरली, हे कळत नाही. एकाच लेखात पहिल्या परिच्छेदात तापमानवाढ मान्य असते आणि तिसऱ्यात ती हळूच परत घेतलेली असते. अशा लेखाला तक्त्यात एक खूण मिळते, पण वाचकाच्या मनावर होतो तो त्या क्रमाचा परिणाम.

म्हणून एकच लेख जवळून पाहू. विलीनीकरणानंतरचा असल्याने वरचा आक्षेप त्याला लागू होत नाही. २३ मार्च २००० रोजी एक्सॉनमोबिलने ‘अनसेटल्ड सायन्स’ या मथळ्याचा लेख छापला. मथळ्यापासूनच भाषा सावध आहे. विज्ञान खोटे आहे असे म्हटलेले नाही, विज्ञान अजून स्थिरावलेले नाही असे म्हटले आहे. आरंभाचा आशय असा: हवेचे अंदाज फार तर काही दिवसांपुरते भरवशाचे असतात, हे ठाऊक असताना पुढच्या शतकातल्या बदलाचे भाकीत करू पाहणाऱ्या शास्त्रज्ञांपुढचे आव्हान किती प्रचंड आहे हे आपण ओळखले पाहिजे. इथे शास्त्रज्ञांचा अपमान कुठेच नाही. उलट त्यांच्याविषयी सहानुभूती आहे. बिचारे किती अवघड काम करताहेत! त्या सहानुभूतीतून वाचकापर्यंत पोचते ते मात्र एवढेच, की काम अवघड म्हणजे निष्कर्ष कच्चे.

हे वाचले त्या दिवशी मला माझ्या सदराचे पहिले वाक्य आठवले. त्याच्यानंतर जेमतेम तीन महिन्यांनी, दुसऱ्या गोलार्धात, फुकट अंकाच्या मोबदल्यात मी तेच लिहिले होते. माझ्यापुढचा इंग्रजी लेख या जाहिरातीवरूनच बेतला होता असा माझा दावा नाही. हा युक्तिवाद तेव्हा हवेतच होता.

हवेत म्हणताना गुरुजींचा पहिला मुद्दा आठवतो. इंग्रजीत हा युक्तिवाद करणाऱ्याला ‘वेदर’वरून ‘क्लायमेट’वर उडी मारावी लागते. शब्द दोन असल्याने जागा वाचकाला ती उडी निदान दिसू तरी शकते. हिंदीतही ‘मौसम’ आणि ‘जलवायु’ वेगळे आहेत. मराठीत शालेय भूगोलाने ‘हवा’ म्हणजे त्या वेळेची स्थिती आणि ‘हवामान’ म्हणजे दीर्घ काळची सरासरी, असा भेद केला आहे. तो सुरेख आहे, पण शाळेच्या फाटकाबाहेर तो टिकत नाही. कारण आपले खाते ‘हवामान खाते’, बातम्यांत ‘आजचे हवामान’, आणि त्याच श्वासात ‘कोकणचे दमट हवामान’. त्यामुळे इंग्रजीत जी चलाखी करायला एक वाक्य खर्ची घालावे लागते, ती मराठीत एक शब्दच करून देतो. हवामान खात्याच्या अंदाजावरचे आपले विनोद जुने आणि लाडके आहेत. ‘पाऊस पडणार म्हणाले, छत्री घरी ठेवा.’ तो सगळा विनोद तापमानवाढीच्या विज्ञानाकडे आपोआप वळवला गेला आणि आपल्याला कोणी वळवला हे कळलेही नाही. महाराष्ट्र शासनाच्या पर्यावरण विभागाचे नाव आता ‘पर्यावरण व वातावरणीय बदल विभाग’ असे आहे. ‘वातावरणीय’ हा शब्द जिभेला जड आहे आणि ‘वातावरण तापले’ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे निवडणूक येते. तरीही ‘हवामान’ टाळण्यामागची अडचण मला समजते.

फरक खरा काय, ते माझ्या धंद्यातून सांगतो. पतसंस्थेत पंचवीस वर्षे काढल्यावर मला आजही सांगता येत नाही की समोर बसलेला कर्जदार हप्ता चुकवणार की नाही. पण दुष्काळी वर्षात शंभरांतले साधारण किती खातेदार थकणार, ते सांगता येते आणि त्याप्रमाणे तरतूदही करावी लागते. अमुक एक माणूस कळत नाही म्हणून थकबाकीचे प्रमाणही कळत नाही, असे म्हणणाऱ्या व्यवस्थापकाला सहकार खात्याच्या लेखापरीक्षकाने उभे केले नसते. उद्याची हवा ही आजच्या हवेच्या बारीकसारीक स्थितीवर अवलंबून असते. शतकाचे हवामान अवलंबून असते ते पृथ्वीवर येणारी आणि पृथ्वीवरून जाणारी उष्णता यांच्या जमाखर्चावर. १९५८ मध्ये हवाईच्या मौना लोआ पर्वतावर चार्ल्स कीलिंग यांनी मोजणी सुरू केली तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे ३१५ भाग होता. आज तो ४२० च्या पुढे आहे. खर्चाची बाजू अशी अडवली की शिल्लक वाढणार. कोणत्या मंगळवारी किती वाढेल ते मात्र विचारू नये.

कंपनीला हे ठाऊक होते का? १९७७ मध्ये जेम्स ब्लॅक या एक्सॉनच्या शास्त्रज्ञाने वरिष्ठांपुढे या विषयाची मांडणी केली होती. १९७९ मध्ये कंपनीने ‘एसो अटलांटिक’ या तेलवाहू जहाजावर समुद्रातला आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजणारी उपकरणे बसवली. २०२३ मध्ये सुप्रान, श्टेफान राम्सटोर्फ आणि ओरेस्केस यांनी एक्सॉनच्या शास्त्रज्ञांची १९७७ ते २००३ मधली भाकिते प्रत्यक्ष तापमानाशी ताडून पाहिली. त्यांतली ६३ ते ८३ टक्के बरोबर निघाली, आणि सरासरी भाकीत होते दर दशकाला सुमारे ०.२ अंश वाढीचे. म्हणजे शंभर वर्षांचा अंदाज अवघड असतो असे जी कंपनी गुरुवारी छापत होती, तिच्याच दप्तरात तो अंदाज चांगला वठलेला पडून होता.

पुन्हा त्या लेखाकडे. त्यात एक आलेख आहे. अटलांटिकमधल्या सारगासो समुद्राचे तीन हजार वर्षांचे तापमान, लॉइड कीगविन या सागरशास्त्रज्ञाच्या १९९६ च्या निबंधातून घेतलेले. वर-खाली होणारी ती रेघ पाहून सामान्य वाचकाला वाटावे की तापमान असे नेहमीच चढते उतरते, आताचे त्यात काय विशेष. कीगविन यांनी स्वतः हा वापर दिशाभूल करणारा असल्याचे सांगितले, कारण ती एका समुद्रातल्या एका जागेची नोंद होती, पृथ्वीची नव्हे. आलेख खोटा नव्हता, हे मला महत्त्वाचे वाटते. या संपूर्ण वाङ्मयात धडधडीत खोटे वाक्य शोधायला गेलात तर हाती फार थोडे लागते. मोबिलच्या ३० ऑक्टोबर १९९७ च्या ‘रीसेट द अलार्म’ या लेखाचे म्हणणेही असेच: विज्ञान इतके अनिश्चित आहे की त्याच्या आधारे अर्थव्यवस्था हादरवणारा कार्यक्रम लादणे योग्य नाही. यात ‘लादणे’ कोण करणार ते स्पष्ट आहे, ‘अनिश्चित’ कोणाला वाटते ते मोघम आहे. क्योटोची परिषद तेव्हा जेमतेम महिन्यावर आली होती.

याच सुमाराला या गद्यात आपला, म्हणजे भारताचा प्रवेश झाला. १९९७ मध्ये तेल, कोळसा, मोटार आदी उद्योगांच्या पाठबळावर सुमारे १ कोटी ३० लाख डॉलर्सची जाहिरात मोहीम झाली. करार जागतिक नाही, म्हणून तो चालणार नाही, हे तिचे सूत्र होते. दूरचित्रवाणीवरच्या जाहिरातीत एक कात्री जगाच्या नकाशातून देश कापून काढत असे, त्यात भारत होता. त्याच वर्षीच्या जुलैत अमेरिकी सिनेटने ९५ विरुद्ध ० मतांनी ठराव केला होता की विकसनशील देशांवरही बंधने नसतील तर असा करार मान्य करू नये. जे देश तोवर फारसे काही जाळू शकले नव्हते, त्यांना सवलतखोर ठरवण्याचे काम त्या कात्रीने केले. अनिल अगरवाल आणि सुनीता नारायण यांनी १९९१ मध्येच ‘ग्लोबल वॉर्मिंग इन अ‍ॅन अनइक्वल वर्ल्ड’ या पुस्तिकेत जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद करून ठेवला होता. आजही अमेरिकी माणसामागे वर्षाला सुमारे १४ टन कार्बन डायऑक्साइड सोडला जातो, भारतीयामागे सुमारे २ टन.

ही बाजू मला मनापासून पटते. म्हणूनच तिच्याबद्दल थोडे कडू बोलायला हवे. नोव्हेंबर २०२१ मध्ये ग्लासगोत शेवटच्या घटकेला कोळशाविषयीच्या वाक्यातले ‘फेज आउट’ जाऊन ‘फेज डाउन’ आले. कोळसा ‘टप्प्याटप्प्याने बंद’ होण्याऐवजी ‘टप्प्याटप्प्याने कमी’ होणार असे ठरले. बदल वाचून दाखवला भारताचे मंत्री भूपेंद्र यादव यांनी आणि पाश्चात्त्य वर्तमानपत्रांनी खापर भारतावर फोडले. वाक्यात तेल आणि वायूचे नावही नव्हते, हे त्यांतल्या बहुतेकांना खटकले नाही. ज्याच्या घरात कोळसा आहे त्याने तो कमी करावा आणि ज्याच्या घरात तेल आहे त्याने टाळ्या वाजवाव्यात, असे ते वाक्य होते. पुढच्या वर्षी इजिप्तमध्ये भारताने सर्वच खनिज इंधने वाक्यात घ्यावीत असा आग्रह धरला, तो मान्य झाला नाही. इथवर आपण बरोबर आहोत. पण माणशी २ टनांचा हिशेब मांडताना ज्या माणसाचे नाव पुढे केले जाते, तो कोण? चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता २,९२० मेगावॅट आहे. त्याची वीज राज्यभर जाते, राख इथेच राहते. दुर्गापूर-ऊर्जानगरकडे राहणाऱ्या बाईचे उत्सर्जन २ टनही नसेल. जिनिव्हात, ग्लासगोत तिच्या गरिबीचा आधार घेऊन आपण बोलतो, आणि इथे तिने वाळत घातलेल्या कपड्यांवर धूळ बसते तेव्हा ‘विकासासाठी थोडी किंमत मोजावी लागते’ असे म्हणतो. या वाक्यातही किंमत कोण मोजतो ते सांगितलेले नाही. त्या गुरुवारच्या लेखांचे व्याकरण आपल्यालाही चांगले अवगत आहे.

जाहिरातीच्या कोपऱ्याचे पुढे काय झाले? कोपरा गेला, लेख राहिले. ब्रिटिश पेट्रोलियमने २००४-०५ च्या सुमारास ‘कार्बन फूटप्रिंट’ ही कल्पना घरोघर नेली आणि ‘तुम्ही किती सोडता?’ असे वाचकालाच विचारले. शंकेची जागा अपराधभावाने घेतली. आपल्याकडच्या वृक्षारोपणाच्या फोटोंना तिथूनच बळ मिळाले असावे असा मला संशय आहे, पण तो वेगळा विषय. २०१८ मध्ये ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या जाहिरात विभागाने एक्सॉनमोबिलसाठी शेवाळापासून इंधन करण्याच्या प्रयोगांवर देखणा मजकूर तयार केला, म्हणजे आता लेखणीही वर्तमानपत्राचीच. त्या शेवाळ प्रकल्पातून कंपनीने अंग काढून घेतल्याचे २०२३ च्या आरंभी प्रसिद्ध झाले. आपल्या वर्तमानपत्रांतही ‘वाणिज्य प्रतिनिधी’ नावाचा एक अतिशय उत्साही वार्ताहर असतो, त्याचे गद्य एकदा कोणीतरी अभ्यासले पाहिजे. दिवाळी अंकही तेलाच्या, बँकांच्या, सिमेंटच्या शुभेच्छांवर उभे असतात, हे मला ठाऊक आहे. संपादकांनी हा परिच्छेद ठेवला तर त्यांचे आभार.

गुरुजींनी नावे मागितली होती. २००० साली मी शोधली असती तर विरोधी बाजूला फ्रेडरिक साइट्झ, फ्रेड सिंगर ही नावे मिळाली असती. दोघेही मोठे पदार्थवैज्ञानिक, पण हवामान हे त्यांचे क्षेत्र नव्हे. साइट्झ त्याआधी एका तंबाखू कंपनीचे सल्लागार होते. ओरेस्केस आणि एरिक कॉनवे यांच्या ‘मर्चंट्स ऑफ डाउट’ या २०१० च्या पुस्तकात ती कथा सविस्तर आहे. हवामानशास्त्रातलेच म्हणावेत असे रिचर्ड लिंडझेन यांचे नाव घ्यावे लागले असते. त्यांचाही वाद तापमान वाढते की नाही असा नव्हता, किती वाढेल हा होता. आणखी थोडी नावे. दुसऱ्या बाजूला १९९५ चा आंतरशासकीय मंडळाचा अहवाल होता. त्यात हवामानावर माणसाचा प्रभाव दिसू लागल्याचे शेकडो शास्त्रज्ञांच्या सहभागाने नोंदले गेले होते. पोस्टकार्डाच्या मागच्या बाजूवर एवढे लिहिता आले असते.

गुरुजी आता नाहीत. मागच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या गावी गेलो. ते पोस्टकार्ड घेऊन गेलो होतो. त्यांचा नातू वेकोलिच्या खाणीवर कंत्राटदाराकडे काम करतो. आजोबांचे अक्षर पाहून त्याने कार्ड दोनदा वाचले आणि विचारले, ‘मग तुम्ही काय कळवलं, काका?’ मी खरे ते सांगितले. मग भरपाई केल्यासारखे डिसेंबर २०२३ मध्ये दुबईत ठरलेले वाक्य त्याला मराठीत करून सांगितले. ऊर्जाव्यवस्थेत खनिज इंधनांपासून दूर जाण्याचे ते वाक्य, ज्यात हे न्याय्य, सुव्यवस्थित आणि समन्यायी रीतीने व्हावे असे म्हटले आहे. तीनदा करून पाहिले. मराठीत दर वेळी कोणीतरी विचारल्यासारखे वाटते: कोणी दूर जायचे?

त्याने ते विचारले नाही. तो म्हणाला, ‘म्हणजे आमची खाण कोणत्या सालापर्यंत?’

मी म्हणालो, खाणीचे साल त्यात नाही. जगासाठी २०५० म्हटले आहे, भारताने स्वतःसाठी २०७० सांगितले आहे. त्याने बोटांवर मोजले. ‘मी बहात्तरचा होईन,’ म्हणाला, आणि कंत्राटात तर मार्चपर्यंतचेच लिहिले आहे. मग दुसऱ्या पाळीची गाडी येण्याची वेळ झाली म्हणून तो डबा भरायला आत गेला.